चाक खोलताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काय करावे यापेक्षा काय करू नये, याचीच यादी मोठी झाली आहे. शेणात हात घालू नको, विळा धरू नको, उन्हात जाऊ नको! शिकणाऱ्या माणसाचे हात कसे स्वच्छ असावेत, असे आजीचे ठाम मत. आपल्याला पडले ते कष्ट नातीला पडू नयेत, ही त्यामागची माया मला कळते. पण त्या मायेच्या पोटात एक समजूतही दडून बसलेली असते. हाताचे काम ते अडाण्याचे आणि डोक्याचे काम ते शहाण्याचे! गेल्या वर्षी मी मोटारसायकलचा टायर घरी बदलायला शिकले, आणि या समजुतीतली हवा निघून गेली.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस थोडा आणि बाभळी उदंड. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट काट्यांची. शेतीची वीज कधी दिवसा येते, तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की आप्पा पहाटेपर्यंत पिकाला पाणी देतात, आणि दुधाच्या किटल्या डेअरीवर पोहोचवण्याचे काम माझ्याकडे येते. तिथून तशीच पुढे कॉलेजला. पंक्चरचे दुकान उघडते नऊच्या पुढे. दूध मात्र दुकानदाराची वाट पाहत नाही. ते नासले की त्या दिवसाची कमाई गेली, आणि मग चुलीपुढे एकच विषय निघतो : पोरीचे कॉलेज आणि दुधाचे काम एकत्र जमायचे कसे? अशा प्रश्नाचा निकाल कोणत्या बाजूने लागतो, हे माझ्यासारख्या मुलींना सांगायला नको. म्हणून एक दिवस मीच म्हटले, "आप्पा, मला चाक खोलायला शिकवा."

आजी लगेच म्हणाली, "कालिजात घातली ती ह्यासाठी व्हय?" आप्पा काहीच बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. नवा आणू. तूच बसव."

टायर आणायला आम्ही दोघे तालुक्याला गेलो. आप्पांचे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी टायर हातात घेतला, अंगठ्याने दाबला, कड वाकवून पाहिली आणि म्हणाले, "रबर कडक वाटतंय." मी कडेवरची इंग्रजी अक्षरे वाचू लागले. २.७५-१८ हे माप. म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि रिमचा व्यास अठरा इंच. एका लंबगोलात चार आकडे होते, २२१९. अशा चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे असतात. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला! इतकी वर्षे पडून राहिलेले रबर कडक होणारच. आप्पांच्या अंगठ्याने जे सांगितले, तेच त्या आकड्यांनी सांगितले. आम्ही दुसरा, त्याच वर्षीचा टायर घेतला. परतीच्या वाटेवर आप्पांनी विचारले, "ते आकडे कसे वाचायचे म्हणालीस?" मी पुन्हा सांगितले. आता कुठेही टायर दिसला की ते आधी वाकून आकडे पाहतात.

मग अंगणात शाळा भरली. गाडी मोठ्या स्टँडवर लावली. ब्रेकच्या रॉडचा नट सोडवला, एक्सलचा नट काढून एक्सल बाहेर ओढला. आमच्या गाडीची चेन जागच्या जागी राहते आणि चाक तेवढे मोकळे होते. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडली. पायाने दाबून टायरची कड रिमपासून सुटी केली आणि कडेला साबणाचे पाणी लावले. मी लिव्हर उचलताच आप्पा म्हणाले, "जोर लावू नगंस. आधी समोरची बाजू आत दाब."

या एका वाक्यात सारी विद्या आहे. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. पण रिमचा मधला भाग खोलगट असतो. एका बाजूची कड त्या खोलगटात उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढिलाई मिळते, आणि मग कड रिमवरून सहज निघते. व्हॉल्व्हपाशी ट्यूब आडवी येत असल्याने तिथे कड खोल उतरत नाही. म्हणून काढताना सुरुवात व्हॉल्व्हपासून करायची, आणि बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी.

नवा टायर बसवण्याआधी रिमवरची रबरी पट्टी तपासली. कडेवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला केला. ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटची वीतभर कड बसली तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. पंपाने हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली, म्हणजे टायर नीट बसला. चाक चढवून चेनचा ताण आणि ब्रेक तपासला. "नवा टायर घसरतो, पहिले शंभर किलोमीटर सबुरीनं," आप्पांनी बजावले.

पुढे मी या कडेची हकीकत वाचली. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते. पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीच्या निमित्ताने तीच कल्पना नव्याने आणली. डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता, हे ऐकून आप्पांना फार मौज वाटली! आणि कडेत तार व रिमला खोलगट मध्य ही युक्ती चार्ल्स किंग्स्टन वेल्श याने १८९० मध्ये काढली. आप्पांनी वेल्शचे नाव कधी ऐकलेले नव्हते, पण त्याचा शोध त्यांच्या हाताला ठाऊक होता. याला अडाणीपणा कसे म्हणायचे?

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. कुणाचे वडील गवंडी, कुणाची आई शिवणकाम करणारी. पदवी मिळवायची म्हणजे त्यांच्यापासून दूर जायचे, असे नकळत आपल्या मनात भरते. मला वाटते, आपण एकदा त्यांच्या शेजारी बसावे, हात काळे करावेत आणि विचारावे, "हे असेच का?" कधी ते कारण सांगतील, कधी आपल्याला ते ग्रंथालयात सापडेल. सापडले तर ते घरी जाऊन सांगावे.

या वर्षी काट्यामुळे माझा एकही तास बुडालेला नाही. दूधही वेळेवर पोहोचते. चुलीपुढचा तो प्रश्न आता निघत नाही. आजी मात्र अजून कुरकुरते. पण मी चाक खोलायला बसले की साबणाचे पाणी तीच आणून ठेवते.