सुईविना टोचणी

निरोगी रोपाला बुद्धिपुरस्सर रोगी करणे हा माझा व्यवसाय आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या वनस्पतीचे पान बोटावर पालथे धरून, सुई काढलेल्या सिरिंजचे तोंड त्याच्या पाठीला टेकवावे आणि जंतूंचे पाणी पर्णरंध्रांतून आत पसरेपर्यंत दट्ट्या हलकेच दाबीत जावे, या कृतीतले सारे कसब दाबाच्या अंदाजात आहे. कारण पान चेंगरले, की जखमेची वर्दी देणारे जॅस्मोनिक आम्ल काही मिनिटांतच वाढू लागते, आणि मग जंतूला मिळाले म्हणून आपण जे उत्तर नोंदवितो, ते वस्तुतः आपल्या बोटांना मिळालेले असते. म्हणूनच जंतुविरहित द्राव टोचलेली रोपे प्रत्येक तुकडीत ठेवण्याचा शिरस्ता मी कधीही मोडू देत नाही.

१९७९ साली इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे आर. एफ. व्हाइट यांनी ॲस्पिरिन टोचलेली तंबाखूची पाने मोझॅइक विषाणूला सहजी दाद देईनाशी झाली. ॲस्पिरिनचे सगोत्र सॅलिसिलिक आम्ल वनस्पती स्वतःच निर्माण करते. त्याच्या प्रभावाने पेशीद्रवात जुडग्यांनी अडकून पडलेले एनपीआर-१ हे प्रथिन सुटे होऊन केंद्रकात शिरते आणि टीजीए प्रथिनांच्या साहाय्याने, एरवी मूक असलेली संरक्षक जनुके कार्यान्वित करते.

परंतु स्यूडोमोनास सिरिंगी या जंतूचे कोरोनाटीन नामक विष जॅस्मोनिक आम्लाच्या क्रियाशील रूपाशी इतके मिळतेजुळते असते, की बनावट सनदेवर विसंबून परगणा हवाली करणाऱ्या अंमलदाराप्रमाणे वनस्पती आपली जॅस्मोनिक जनुकांना आवरून धरणारी जॅझ प्रथिने स्वहस्ते नष्ट करते. त्यासरशी जखमांचा व किड्यांचा बंदोबस्त करणारी जनुके सुरू होतात, सॅलिसिलिक आम्लाचा संचय खालावतो आणि मिटलेली पर्णरंध्रेही पुन्हा उघडतात. हा शेवटचा प्रकार सिरिंजने टोचलेल्या पानात पाहावयास मिळत नाही, कारण तेथे जंतूला आत आपणच सोडलेले असते. त्यासाठी रोपे जंतूंच्या पाण्यात बुडवावी लागतात, आणि मला तरी तीच परीक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

संरक्षक जनुके अहोरात्र चालू राहतील अशी उत्परिवर्तित रोपेही आमच्याकडे वाढतात. त्यांच्यावर जंतूंची मात्रा फारशी चालत नाही, परंतु ती खुजी राहतात. रोगप्रतिकारक वाणाची निवड करणाऱ्यांपाशी माझा म्हणूनच आग्रह असतो, की पानावरच्या डागांची नोंद ज्या वहीत होते, त्याच वहीत रोग न लावलेल्या रोपाची उंची आणि त्याला धरलेल्या शेंगाही लिहिल्या जाव्यात.