माळावरच्या वाटा आणि वर्षावास

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की साधारण वीस किलोमीटरवर नान्नज लागते. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी या गावांच्या शिवारांत तुकड्यातुकड्यांनी जो माळ पसरला आहे, तो परक्या माणसाला रिकामा वाटतो. झाड नाही, डोंगर नाही, पाण्याची चकाकी नाही. आपल्या विद्यालयात चार वर्षे काढलेल्या कोणाला मात्र तो रिकामा वाटणार नाही. पहाटेची वंदना, त्रिसरण-पंचशील आणि त्यानंतर माळाच्या कडेने धावणे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला होता. नाष्ट्याची भूक खरी लागायची ती त्यामुळेच.

माळावर धावणे आणि मैदानावर धावणे यांत मोठे अंतर आहे. मैदानावर पाऊल एकसारखे पडते आणि मन कुठेही भरकटते. माळावर दर पन्नास पावलांनी जमीन बदलते. मुरूम संपला की खडकाचा उघडा पाट येतो, मग काळ्या मातीची एखादी पट्टी, मग बैलगाडीच्या चाकोरीतला घोट्यापर्यंतचा फुफाटा. इथे डोळे सतत पुढच्या दोन-तीन पावलांवर ठेवावे लागतात. कार्तिकात कुसळी पिकली की तिची कुसळे मोज्यांत अडकतात आणि ओलावा लागला की पीळ सोडत आत आत शिरतात. त्या दिवसांत अनवाणी धावलेले बरे, असे आम्ही म्हणत असू. बूट होते कोणाकडे, हा भाग वेगळा.

अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरच्या प्रवासाचे बळ येते, परिश्रमाची क्षमता वाढते, आरोग्य टिकते, खाल्लेले अन्न पचते आणि त्यातून साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. चंक्रमण म्हणजे धावणे नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही पहिले चार लाभ आमच्या पदरात निश्चित पडले. पाचव्याबद्दल प्रत्येकाने स्वतःपुरते बोलावे.

त्या वाटांची आठवण जागवणे एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो असतो, तर लेख इथे संपला असता. पण या सोहळ्यानिमित्त होणाऱ्या दौडीचा मार्ग आखण्याचे काम माजी विद्यार्थी मंडळाने माझ्यावर सोपवले आहे, आणि त्यावरून आपल्यात जो मतभेद झाला तो स्मरणिकेत नोंदला जावा असे मला वाटते. बहुतेकांची सूचना अशी होती की दौड भाद्रपदात ठेवावी. तेव्हा माळ हिरवागार असतो, हवा थंड असते, छायाचित्रे सुंदर येतात, आणि मार्ग थेट गवतातून जावा. मी या सूचनेच्या विरोधात बोललो. का, ते इथे सविस्तर मांडतो.

आपल्या वेळी भंतेजींचा एक नियम होता. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की दुसऱ्या दिवसापासून धावण्याची वाट बदलायची. माळावरच्या पायवाटा बंद, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत फक्त डांबरी रस्ता. आम्हाला तो नियम जाचक वाटे. रस्त्यावर एसटीचा धूर, उसाच्या ट्रॅक्टरांचा चिखल, आणि डांबराने नडग्या दुखायच्या. एकाने धीर करून कारण विचारले, तेव्हा भंतेजींनी विनयातील कथा सांगितली. आरंभी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोकांनी तक्रार केली की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, लहान लहान जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून एका जागी राहतात. ती तक्रार ऐकून तथागतांनी वर्षावासाची प्रज्ञप्ती केली. भंतेजी पुढे एवढेच म्हणाले, “तुम्ही भिक्खू नाही. पण गवत तेच आहे.”

त्या वाक्यातले शास्त्र मला पुढे कळले. माळावरच्या बहुतेक पक्ष्यांना झाड नसते, म्हणून ते जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकाची मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणूस जवळून गेला की ती उठून दूर जाते, आणि ती दूर असताना कावळ्याला, खोकडाला किंवा गावच्या कुत्र्याला ते अंडे सापडते. म्हणजे धावणाऱ्याने अंडे तुडवलेच पाहिजे असे नाही. तो नुसता जवळून गेला तरी पुरे होते. चंडोल गवताच्या बुंध्याशी वाटीएवढे घरटे करतो. काळविटाचे पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहते. आई दूर चरत असते आणि पाडसाचे न हलणे हेच त्याचे संरक्षण असते. अशा गवतातून तीनशे माणसे धावली तर त्यांच्या हेतूची शुद्धता कोणाच्या उपयोगी पडणार?

आपल्या बाजूने धावणाऱ्यांबरोबर कुत्रीही येतात, हे कोणी लक्षात घेत नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागची चार-पाच कुत्री रोज आमच्या मागे लागत. आम्ही वाटेवर असू, पण ती वाट सोडून गवतात घुसत. एका मेंढपाळाने आम्हाला याच कारणासाठी थांबवले होते. “पोरांनो, तुम्ही पळा की. पण ही वरात घेऊन नका येऊ,” तो म्हणाला. “मामा, ती आपणहून येतात,” आम्ही सांगितले. “मग भाकरीबी आपणहूनच खात असतील,” असे म्हणून तो मेंढरांमागे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघेपर्यंत आचारीकाका त्यांना परसात बांधून ठेवू लागले.

मंडळाच्या बैठकीत एका मित्राने मला विचारले, “अरे, आता माळढोक उरलाच कुठे? मग हा आटापिटा कोणासाठी?” प्रश्न रास्त आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आज तो नान्नजला दिसणे ही बातमी ठरते आणि साऱ्या देशात त्याची संख्या फार थोडी उरली आहे. मी विद्यार्थी असताना एका पावसाळी सकाळी रस्त्यावरून त्याला पाहिले होते. मीटरभर उंचीचा तो पक्षी मान ताठ ठेवून गवतातून चालत होता, कसलीही घाई नसल्यासारखा. तो गेला म्हणून माळ ओस पडला असे मात्र नाही. धाविक आहे. हा पक्षी चार पावले झरझर धावतो, थबकतो, वाकून टिपतो आणि पुन्हा धावतो. आपल्या दौडीला बोधचिन्ह हवेच असेल तर त्याच्यासारखे दुसरे नाही. हिवाळ्यात दूरच्या थंड प्रदेशांतून भोवत्या येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर विसावतात. तित्तर आहेत, काळविटांचे कळप आहेत, लांडगे आहेत.

याहून अवघड आक्षेप दुसऱ्याच बाजूने आला, आणि तो आपल्या समाजाच्या काळजाशी भिडणारा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या नावावर वावभर जमीन नव्हती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा पडीक आणि गायरान जमिनींवरचा आपला हक्क सांगत हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या घरांतून आलेल्या माणसाला ‘ही जमीन पाखरांसाठी’ असे सांगणे सोपे नाही. शिवाय अभयारण्याचे मूळ क्षेत्र होते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात गावेच्या गावे, बागायती, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचणी, बांधकामाला अडचणी, म्हणून लोक माळढोकाच्या नावाने बोटे मोडू लागले. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माझ्या मते, ज्या पक्ष्यासाठी हा खटाटोप होता त्याचे सर्वांत मोठे नुकसान या रोषाने केले. माणसाला शत्रू ठरवून राखलेले रान फार काळ राखले जात नाही.

परंतु ‘पडीक’ हा शब्दच मला खटकतो. महसुली दप्तराने ज्याला पडीक म्हटले, त्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी अशी गवते वाढतात आणि मेंढपाळांची कुटुंबे त्यावर जगतात. पडीक म्हणूनच त्यावर जागोजागी गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण गवताळ प्रदेशात दाट झाडी उभी राहिली की मोकळ्यावर राहणारे पक्षी आणि काळवीट तिथून निघून जातात. ज्यांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेरचे आणि निरुपयोगी ठरवले, त्या समाजातल्या माणसाने तरी एखाद्या जमिनीला निरुपयोगी म्हणताना दोनदा विचार करावा. भूमिहीनाला जमीन मिळालीच पाहिजे, हे मी इथेही ठामपणे म्हणतो. उरलेल्या या थोड्या गवतावरच ती मागणी पुरी करावी, असा ज्यांचा आग्रह असतो त्यांची स्वतःची शेकडो एकर बागायत बहुधा तशीच शाबूत असते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचाही विचार केला पाहिजे. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावायचे असते, आणि तालुक्यात चांगली धावपट्टी नाही. ती मुले माळावर येतात, त्यांना हाकलून लावण्यात अर्थ नाही. विद्यालयाच्या मागच्या पटांगणावर आठशे मीटरचा मुरमाचा गोल आखून द्यावा, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. आता रोलर कोण आणतो, एवढेच बाकी आहे.

राहिली दौड. ती माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी साडेसहाला निघेल. माघात ज्वारी उभी असते, थंडी असते, आणि माळटिटवीचा अंडी घालण्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही, म्हणून मार्ग संपूर्णपणे हद्दीबाहेरून घेतला आहे. विद्यालयाच्या फाटकापासून बैलगाडीच्या जुन्या वाटेने बांधापर्यंत, तिथून रस्त्याला लागून परत. एकूण सात किलोमीटर. ओढ्याच्या काठाने जाणारी वाट अधिक मऊ आणि सुंदर आहे, हे मलाही माहीत आहे. पण त्या काठावरच्या बिळांत हिवाळ्यात लांडगीण पिल्ले घालते, तेव्हा तिकडे कोणीही वळू नये. प्रत्येकाने पाण्याची बाटली घरून आणावी आणि घरी परत न्यावी. लाउडस्पीकर फक्त फाटकावर असेल. कुत्री बांधून ठेवण्याचे आचारीकाकांच्या मुलाने मान्य केले आहे. स्वयंपाकघर आता तोच सांभाळतो.