स्वस्ति, बँकॉक! पण फॉर्म भरलात का?

सनस्क्रीन बॅगेत, गॉगल डोक्यावर, बाट पाकिटात. लाँग वीकएण्डला दोन सुट्ट्या जोडून बँकॉकला उडायची तयारी जय्यत! तरीही एक प्रश्न उरतोच. टीडीएसी भरलंत का?

‘हे आणि काय नवीन?’ असं वाटलं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. १ मे २०२५पासून थायलंडमध्ये येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला ‘थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावं लागतं. पूर्वी विमानात टीएम सिक्स नावाचा कागद हातात पडायचा आणि अख्ख्या रांगेत एकच पेन फिरायचं! तो कागद गेला, प्रश्न मात्र मोबाइलवर आले. विमानाने या, बसने या नाहीतर बोटीने, फॉर्म हवाच. कडेवरच्या बाळाचाही! इमिग्रेशन न ओलांडता नुसतं विमान बदलणाऱ्यांची मात्र यातून सुटका आहे.

व्हिसा वेगळा, फॉर्म वेगळा

गोंधळ होतो तो इथेच. एकेकाळी बँकॉकला उतरलं की २००० बाट मोजून व्हिसा ऑन अरायव्हलच्या रांगेत उभं राहावं लागायचं. १० नोव्हेंबर २०२३पासून थायलंडने भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय यायची मुभा दिली आणि १५ जुलै २०२४ला ती ६० दिवसांवर नेली. झालं! ‘व्हिसा नाही म्हणजे कटकटच नाही’ हा समज पक्का झाला. पण बॉस, ही सवलत म्हणजे यजमानाची मर्जी. ती वाढते तशी आटतेही. त्यामुळे तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर ताजा नियम बघायचाच. मित्र गेल्या वर्षी जाऊन आला, हा काही पुरावा नव्हे.

आणि व्हिसा माफ असला तरी अरायव्हल कार्ड माफ नाही. व्हिसा म्हणजे यजमानाचं ‘या’. कार्ड म्हणजे ‘कोण, कुठून, किती दिवस आणि उतरणार कुठे?’ ही चौकशी. शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. तो परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, जवळचे पैसे, काहीही विचारू शकतो. पासपोर्टची मुदतही किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी.

नावात काय आहे? सगळं!

आपल्या मराठी नावाचा डबा तीन खणांचा. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. आपल्या पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, आडनाव आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचं नाव बऱ्याचदा त्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाला चिकटून बसलेलं असतं. फॉर्ममध्ये फॅमिली नेम, फर्स्ट नेम आणि मिडल नेम वेगवेगळं विचारलं की बोटं अडखळतात. अशा वेळी पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि स्पेलिंग अक्षरागणिक उतरवा. ऑफिसच्या आयकार्डावरचं किंवा फेसबुकवरचं नाव इथे चालत नाही.

खरी परीक्षा असते हनिमूनवाल्यांची. लग्नपत्रिका छापून झाली, सासरचं आडनाव लागलं, नवरोबांनी हौसेने त्याच नावावर फुकेटचं तिकीट काढलं. पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव! लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं काही सक्तीचं नाही. पण तिकीट, हॉटेल आणि फॉर्म या तिन्हींवर पासपोर्टवर आहे तेच नाव हवं. नाहीतर नव्या संसारातलं पहिलं भांडण चेक-इनच्या काउंटरवर ठरलेलं.

फॉर्म पाठवल्यावर फ्लाइट किंवा हॉटेल बदलता येतं. नाव, पासपोर्ट नंबर किंवा जन्मतारीख चुकली तर मात्र नवा फॉर्म भरायचा.

पत्त्याचंही तसंच. नुसतं ‘सुखुमवित, बँकॉक’ लिहून भागत नाही. प्रांत, जिल्हा, उपजिल्हा यादीतून निवडावा लागतो. असोक स्टेशनच्या आसपास सुखुमवितच्या एका बाजूच्या विषम नंबरांच्या गल्ल्या वट्टना जिल्ह्यात, तर समोरच्या सम नंबरांच्या ख्लोंग तोईत! रस्ता ओलांडला की जिल्हा बदलला. म्हणून बुकिंगवरचा पूर्ण पत्ता हाताशी असू द्या.

फुकट ते फुकटच!

हे मात्र अधोरेखित करून ठेवा. या फॉर्मला एक पैसाही लागत नाही. तरी सर्च केलं की खऱ्यासारख्या दिसणाऱ्या साइट्स पुढे येतात आणि ‘प्रोसेसिंग फी’ मागतात. पैसे जातात ते जातातच, पण पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख आणि प्रवासाच्या तारखा अनोळखी माणसाच्या हातात पडतात, त्याचं काय? खरा पत्ता लक्षात ठेवा : टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच. शेवटचं ‘गो डॉट टीएच’ म्हणजे थाई सरकारची खूण. ते दिसलं नाही, तर टॅब बंद!

फॉर्म भरायचा तो पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. सिंगापूरचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ आणि मलेशियाचं ‘एमडीएसी’ यांचाही हाच हिशेब. तीन दिवस, शून्य रुपये. एकाच ट्रिपमध्ये तिन्ही देश करणार असाल तर फॉर्मही तीन. आणि ‘आपल्यालाच का हा ताप?’ म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून भारतानेही परदेशी पर्यटकांसाठी ई-अरायव्हल कार्ड आणलंय. तुमचा लंडनचा गोरा मित्र मुंबईला येणार असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

क्यूआर कोड आला की स्क्रीनशॉट काढा आणि एक प्रिंटही जवळ ठेवा. बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. मग सुवर्णभूमीवर शिक्का बसला की रेल लिंक पकडायची, अर्ध्या तासात फाया थाय! तिथून स्काय ट्रेनने शहर तुमचंच. परतताना विमानतळावर देव-दानवांचं भलंमोठं समुद्रमंथन भेटेल, त्याच्यासमोर फोटो मस्ट!

थाई माणूस हात जोडून ‘सवादी’ म्हणतो. तो शब्द आपल्या ‘स्वस्ति’वरूनच घडलाय. घरच्यासारखं स्वागत हवं असेल तर दहा मिनिटं द्या, फॉर्म भरा. हॅपी जर्नी!