वर श्री, खाली ए. एम. डी. जी.

माणूस कोणत्या शाळेत शिकला हे त्याच्या ज्ञानावरून कळत नाही. निदान माझ्या बाबतीत तरी अजून कुणाला कळलेलं नाही. सवयींवरून मात्र कळतं. कोरा कागद समोर आला, मग ती किराणा मालाची यादी का असेना, की मी वर मधोमध 'श्री' लिहितो आणि त्याखाली रोमन लिपीत 'ए. एम. डी. जी.'. आमच्या वाण्याला तो एखादा नवा साबण वाटतो. "हा आपल्याकडं नाही," असं तो दर महिन्याला प्रामाणिकपणे सांगतो.

'ईश्वराच्या अधिक गौरवासाठी' या अर्थाच्या लॅटिन ब्रीदाची ही आद्याक्षरं. ब्रीद जेझुइट फादरांचं. इग्नेशियस लोयोला या लढवय्याच्या पायाला 1521 साली तोफगोळा लागला, अंथरुणावर वाचायला दुसरं काही मिळेना म्हणून त्यानं संतचरित्रं वाचली, आणि त्यातून 1540 साली हा येशूसंघ उभा राहिला. आमच्या वाड्यातही एक जण पाय मोडून तीन महिने पडला होता. त्यानं रहस्यकथा वाचल्या. फरक पडतोच.

या संघाच्या शाळा म्हणजे एक भलंमोठं एकत्र कुटुंबच आहे. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस 1863 ची, मुंबईची सेंट झेवियर्स 1869 ची. पुण्यात दोन : 1867 ची सेंट व्हिन्सेंट आणि 1961 ची लोयोला. त्यातली माझी कुठली ते सांगत नाही. दोन्हीकडचे भांडायला येतील, आणि कोणी कोणाला हाकलायचं यावरून भांडतील.

मला या शाळेत घातलं तेव्हा नारायण पेठेत खळबळ उडाली. "पोरगं बाटणार," आजीनं निकाल दिला. वहीवर ती चार अक्षरं पाहिल्यावर तर तिनं पेन्सिल मागवली आणि स्वतःच्या हातानं वर 'श्री' काढला. दुसऱ्या दिवशी वर्गात फादरांनी ते पाहिलं. "हे काय?" मी घाबरत म्हणालो, "देवाचं नाव, फादर. आजी म्हणते, आधी देव, मग गणित." फादरांनी मान डोलावली. "वरचं दोन्ही बरोबर. खालचं गणित चूक."

त्या शाळेत अभ्यासाइतकाच 'दुसऱ्यांसाठी' या शब्दाचा धोशा असे. शनिवारी आम्ही दारोदार रद्दी गोळा करायचो, पैसे वृद्धाश्रमाला. वर्षभराच्या रद्दीवर आजीची एक वाती-उदबत्तीची बेगमी व्हायची, त्यामुळे माझ्या परोपकाराला पहिला विरोध देवघरातूनच झाला. पुढे कळलं, की 1973 साली संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरूपे यांनी स्पेनमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातच सांगितलं, की माणसं दुसऱ्यांसाठी जगणारी घडवायची आहेत. न्यायासाठी आम्ही तुम्हाला घडवलं का, तर नाही. माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनात संस्थेनं स्वतःलाच नापास करणं ! आमच्याकडे अशा वेळी शाल आणि नारळ देतात.

त्याच सुमारास नानांचा कारखाना बंद पडला. तीन महिने माझी फी गेली नाही. एक दिवस नानांना शाळेत बोलावणं आलं. नानांनी लग्नातला कोट घातला आणि घरातून निघतानाच वाक्य पाठ केलं : "फुकट शिक्षण मला नको, मुलाचं नाव काढून टाका."

ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. मोठ्या फादरांनी फीचं नावही काढलं नाही. म्हणाले, "आमच्या एका तरुण फादरांना मराठी सुधारायचंय. पुण्याचं शुद्ध मराठी. तुम्ही शिकवाल का? शिकवणी फीत वळती करू."

झालं. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक उंच, गोरे स्विस फादर सायकल टेकवून वाड्यात येऊ लागले. नाना व्याकरण घ्यायचे, आजी आतून 'ळ' दुरुस्त करायची. बाटण्याच्या भीतीनं कप वेगळा ठेवलेला होता. दुसऱ्या महिन्यात तो कुठला ते तिला ओळखता येईना, कारण विसळायला फादर स्वतःच मोरीवर जात. "गोऱ्या फादरनं तेराव्या शतकात यावं," ती म्हणे, "ज्ञानोबांनी त्याला नीट शिकवलं असतं." गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं 1616 मध्येच मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं त्याचा 'ळ' तपासलाच असता.

सात महिन्यांनी नानांना नोकरी लागली. शिकवणी संपली.

पुढं वीसेक वर्षांनी, 31 जुलैला, म्हणजे इग्नेशियसच्या सणाला, शाळेत जुनी मुलं जमली होती. अहमदनगर जिल्ह्यातून आलेला एक जण त्याच स्विस फादरांच्या आठवणी सांगत होता. आमच्या वाड्यात येण्यापूर्वी चार वर्षं ते संगमनेरकडे होते म्हणे. बाजारात भाजीवाल्यांशी असे भांडायचे की बघ्यांची गर्दी व्हायची. मराठीत.

मी तडक घरी आलो. नाना आरामखुर्चीत पेपर वाचत होते. म्हटलं, "नाना, ते फादर आपल्याशी खोटं बोलले."

"कोण म्हणतं? मराठी सुधारायचंय म्हणाले होते. संगमनेरचं मराठी सुधारायला नको?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

नानांनी पेपर खाली केला नाही. "पहिल्याच आठवड्यात. तुझ्या आजीनं चहा घेणार का विचारलं, तर बेसावधपणे 'व्हय' म्हणाला. परदेशी माणूस पुस्तकातून शिकला तर 'होय' म्हणतो."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तो तीन-तीन चुका मुद्दाम करायचा रे, माझ्यासाठी. दमून जायचा बिचारा. त्याला कसं सांगू?" नानांनी पान उलटलं. "आणि हे बघ, ती रद्दी बांधून ठेवलीय कोपऱ्यात. शनिवारी शाळेची पोरं येतील, त्यांना दे. आजी नाही आता अडवायला."