गढूळ पाण्यातला भाला

द्रुपदाने मत्स्ययंत्राखाली ठेवविलेले पाणी चांगले नितळ असले पाहिजे, असे कथेकऱ्यांच्या तोंडून तो प्रसंग ऐकताना मला नेहमी वाटते. त्या जागी आमच्या तापीचे श्रावणातले पाणी भरले असते, तर अर्जुनही इतर राजांप्रमाणे मान खाली घालून परतला असता! दोंडाईच्याच्या आसपासची काळी माती पावसाबरोबर अमरावती नदीत उतरते, तिच्यातून तापीत जाते. आणि मग कोपरापर्यंत पाण्यात घातलेल्या आपल्याच हाताची बोटे दिसेनाशी होतात. अशा पाण्यात भाल्याने मासा मारू पाहणाऱ्याने हत्यार कोणते घ्यावे, हा प्रश्न माझ्या भाच्याने मजपुढे टाकला आहे.

म्हणजे खरे तर हत्यार घेऊनच तो विचारावयास आला. समुद्रावर वापरतात तशी रबरी पट्ट्यांची पाणबंदूक. लांबी चांगली चार फूट. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत नवखे गिऱ्हाईक घोड्याच्या उंचीला भुलते आणि जाणते आधी त्याचे दात पाहते. भाचा नवख्यांच्या पंथातला.

"मामा, हिचा पल्ला तरी पाहा!"

"पल्ला हिचा नव्हे रे, तुझ्या नजरेचा पाहावयाचा."

हिशेब सोपा आहे. पुढे केलेला हात दोन फुटांचा, बंदूक चार फुटांची. म्हणजे तिचे टोक डोळ्यांपासून सहा फुटांवर. नजर जर तीनच फूट पोचत असेल, तर टोक कोठे आहे हे पाहावयासही दुसरा माणूस पुढे पाठवावा लागेल! लांब नळी आडवी फिरविताना पाणी तिला अडविते, तेवढ्यात मासा निघून जातो, ते वेगळेच. पण मासा गेला तर गेला. आपल्या नदीत म्हशी डुंबतात, पोरे बुड्या मारतात, भोयांची जाळी पसरलेली असतात. तीन फुटांपलीकडच्या अंधारात सोडलेल्या बाणाला यांतला भेद कोण सांगणार? मला या खरेदीतली ही एकच गोष्ट खरोखर महत्त्वाची वाटते.

म्हणून गढूळ पाण्यात दीड फुटी आखूड बंदूक किंवा साधा हातभाला बरा. फाळ तीन काट्यांचा असावा. मासा क्षणभरच दिसतो, नेम अर्धवट साधतो, आणि रुंद फाळ तेवढी चूक पोटात घालतो. बाणाची दोरी आखूड हवी, नाहीतर बुडालेल्या बाभळीत ती गुंतलीच म्हणून समजा. आणि गुंतलीच तर कापण्यासाठी सुरी अंगावर हवीच हवी. प्रखर दिव्याचा मोह टाळावा. धुक्यात मोटारीचे दिवे जसे धुकेच उजळतात, तसा तो गाळच उजळतो. शिवाय काचेचा मुखवटा लावून पाण्यात शिरले की चार फुटांवरची वस्तू तीनच फुटांवर असल्यासारखी भासते, हेही ध्यानी ठेवावे.

काठावरून पाहणाऱ्यालाही पाणी असेच फसविते. चार हात खोल असलेला मासा त्याला तीन हातांवर दिसतो. तापीकाठी एका वृद्ध भिल्लाला मी धनुष्याने मरळ मारताना पाहिले आहे. धनुष्य बांबूचे, त्याची दोरीही बांबूच्या कामठीचीच. तो दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरी. पाणी गढूळ झाले तेव्हा मात्र त्याने बाण खाली केला आणि मला म्हणाला, "पानी गढूळ शे, दादा. आते तीर कामना नही, पाय कामना." मग गुडघाभर पाण्यात तो कितीतरी वेळ निश्चल उभा राहिला. मरळ हवा घेण्यास वर येते हे त्याला ठाऊक होते. ती आली तेव्हा दोघांत हातभरही अंतर नव्हते. १८९७ च्या मत्स्य-कायद्याने सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरविले. त्या उतावळ्या उपायांशेजारी या म्हाताऱ्याचे उभे राहणे मला फार मोठे वाटले.

भाच्याला हे सारे पटले असावे. तीन काट्यांचा फाळ लोहाराकडून करून घेण्याचे त्याने कबूल केले. जाता जाता मात्र वळून म्हणाला, "पण मामा, मार्गशीर्षात पाणी निवळल्यावर लांब बंदूक चालेल ना?"

"चालेल," मी म्हटले, "पण भोयांची जाळी कोठे आहेत ते आधी विचारून ये."