हळू शिकतं, पण शिकतं!

कासवाला शिकवता येतं का? हसू नका, येतं! शेकहँड वगैरे विसरा. पण धुळ्याच्या मामाचं तारा कासव ताटली वाजली की पलंगाखालून जास्वंद खायला हजर. त्याच्या मानानं धावतच! व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात महाकाय कासवांना रंगीत गोळा चावायला शिकवलं होतं. ९ वर्षांनीही ती ते विसरली नव्हती. (आपल्याला कालचा पासवर्ड आठवत नाही.)

प्रॉब्लेम वेगळाच आहे. तारा कासव घरी पाळणं बेकायदा. २०२२ च्या दुरुस्तीनं तर ते वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत गेलं. जळगावहून जाऊन मीच मामाला हे सांगितलं.

‘‘अगं, पण ते ओळखतं मला,’’ मामा म्हणाला.

मामीनं वनखात्याला फोन लावला.