कपाट आवरू की कार्ड करू?

शनिवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड. आठवड्याच्या 168 तासांतले हे 4 तास माझे. या वेळात मला कोणी स्टँडअपला बोलवत नाही, डिप्लॉयमेंट नसतं (निदान नसावं अशी अपेक्षा असते) आणि घरातही "तो कागद कापतोय, राहू दे" असा एक मूक करार झालेला आहे. या 4 तासांत मी ग्रीटिंग कार्डं करतो. हो, हाताने. हो, कात्री आणि फेव्हिकॉल घेऊन. हो, वय वर्षं 36. ऑफिसात हे कळलं तेव्हाचे सगळे विनोद ऐकून झालेत, त्यामुळे पुढे जाऊ.

तर मुद्दा असा की, कार्ड करणाऱ्या माणसाला एक छंद असतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तीन असतात. कार्ड करणं हा पहिला. त्याचं सामान विकत घेणं हा दुसरा. आणि ते सामान नीट लावून ठेवणं हा तिसरा. दुसऱ्याला पैशाची मर्यादा असते, म्हणून तो फार त्रास देत नाही. खरी मारामारी पहिल्या आणि तिसऱ्यात, आणि त्यात तिसरा बहुतेक वेळा जिंकतो.

का जिंकतो? माझं मत सांगतो. आवराआवरीत नापास होता येत नाही. कार्ड बिघडू शकतं. तासभर कापलेलं फूल चिकटवल्यावर फुलकोबीसारखं दिसू शकतं. पण निळे कागद निळ्या फोल्डरमध्ये गेले की काम फत्ते, पाठ थोपटून घ्या. नवीन फीचर लिहायच्या ऐवजी फोल्डरांची नावं बदलत बसणारा एक तरी प्राणी तुमच्या टीममध्ये असेलच. दिवसभर तो बिझी असतो, संध्याकाळी समाधानी असतो, आणि रिलीज मात्र होत नाही.

इथपर्यंत हे गमतीचं आहे. पण माझी रिलीज डेट खरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला एक कार्ड पोचायला लागतं. माझ्या आत्याला.

आत्या शाळेत चित्रकलेची बाई होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसवलेल्या मुलांच्या किती पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या देव जाणे. स्थिरचित्रातला तांब्या वाकडा आला की ती काही बोलायची नाही, फक्त त्या जागेवर बोट ठेवायची. 2021 साली तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. समजतं जवळपास सगळं, पण शब्द सापडत नाहीत. "हो", "नाही", "अगं बाई" आणि, का ते कोणालाच कळलेलं नाही, "पंधरा", एवढे चार उरलेत. भूक लागली, पंधरा. पाऊस आला, पंधरा. नुसत्या सुरावरून अर्थ लावायचा.

व्हिडिओ कॉल करून बघितले. पण पलीकडून आपण दोन सेकंदसुद्धा गप्प राहू शकत नाही हो. ती शब्द शोधत असते आणि आपण तोवर हवामानावर तीन वाक्यं बोलून मोकळे. ती दमते. कार्ड थांबतं. ते हातात घेऊन पाहिजे तितका वेळ बघता येतं, दुसऱ्या दिवशी परत बघता येतं. आणि तिचं बोट अजून शाबूत आहे. कार्ड पोचलं की वहिनीचा फोन येतो, "भाऊजी, आलं हं. आईंनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलंय." मी मोबाईलवर काढलेला फोटो मोठा करून बघतो. कोपरा एखादा मिलिमीटर तिरका असतोच. आमचं संभाषण ते एवढंच, पण दर महिन्याला होतं.

त्यामुळे माझ्या कार्डांची स्पेसिफिकेशन्स ठरलेली आहेत. घडी वरच्या बाजूला, तंबूसारखी. नेहमीचं डावीकडे घडी असलेलं कार्ड एका हाताने उघडायला गेलं की दोन्ही पानं मिळून सरकतात. तंबू टेबलावर उभा राहतो, पुढचं पान एका बोटाने वर करता येतं. शब्द कमीत कमी, कारण वाचणंही तिला जड जातं. हाताला लागेल असं काहीतरी हवं, म्हणजे दोरा, उठाव, खरखरीत कागद. आणि वजन. A4 कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग, त्याचा अर्धा बत्तिसावा. 300 जीएसएमचा कागद घेतला तर कार्ड साधारण साडेनऊ ग्रॅमचं होतं, पाकीट धरून चौदाच्या आसपास. साध्या पत्राचा टप्पा 20 ग्रॅमचा. म्हणजे सजावटीला माझ्याकडे सहा ग्रॅमचं बजेट. आरसे लावायचा मोह झाला की मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणतो.

आता कपाटाकडे वळू. भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, आणि माझ्या वाट्याला कपाटाचे दोन कप्पे. त्यात कागद, रिबिनी, क्विलिंगच्या 3 आणि 5 मिलिमीटरच्या पट्ट्या, शाईचे पॅड, पंच, आणि रविवार पेठेत "एवढंसंच तर आहे" म्हणून घेतलेल्या अनेक पुड्या. यूट्यूबवर या विषयाची माणसं छत्तीस खणांचे पारदर्शक डबे दाखवतात, प्रत्येकावर लेबल. बघताना डोळे निवतात. पण डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला त्यातली मेख लगेच दिसते. इंडेक्स फुकट नसतो. शोधताना वेळ वाचतो, पण प्रत्येक नोंद करताना तो इंडेक्ससुद्धा अपडेट करावा लागतो. छत्तीस खण म्हणजे वस्तू घेताना ऐश, आणि ठेवताना छत्तीस निर्णय. दुपारचा दीड वाजलाय, आत आमटीला फोडणी बसलीय, अशा वेळी हातातली टिकली मोरपंखी की हिरवट निळी याचा निवाडा कोण करणार? ती टेबलावर राहते. तिच्याशेजारी दुसरी. पुढच्या शनिवारचा पहिला तास तिथेच खर्च.

या प्रश्नावर माझ्याआधी मोठी माणसं विचार करून गेली आहेत. युकिओ नोगुची नावाच्या जपानी अर्थतज्ज्ञांनी 1993 साली आवराआवरीवर चक्क एक पुस्तक लिहिलं. त्यातली युक्ती ही की कागदपत्रांचं वर्गीकरण करूच नका. सगळी पाकिटं एका ओळीत उभी ठेवा, आणि जे वापराल ते परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला ठेवा. लागणारं आपोआप जवळ राहतं, न लागणारं आपोआप लांब जातं. गंमत म्हणजे 1985 साली स्लीटर आणि टार्जन या दोन संगणकशास्त्रज्ञांनी हेच गणिताने दाखवलं होतं. यादीतली वापरलेली गोष्ट पुढे आणायची, एवढा एकच नियम पाळला तर शोधायचा एकूण खर्च सर्वोत्तम पद्धतीच्या साधारण दुपटीच्या वर जात नाही. आणि ती सर्वोत्तम पद्धतसुद्धा अशी की जिला पुढे काय लागणार हे आधीच माहीत आहे! भविष्य न कळता, लेबलं न लावता, नुसतं पुढे सरकवून एवढं साधत असेल तर मी कोण लागून गेलो?

तर माझे कागद आता आडव्या गठ्ठ्यात नाहीत, फायलींसारखे उभे आहेत. वापरलेला सर्वात पुढे. रंगावारी वगैरे काही नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेले कागद (1940 पासूनची संस्था, सुती चिंध्यांचा लगदा करून कागद होतो, एकदा बघून या) बहुतेक वेळा पुढच्या पाचातच असतात. कारण सरळ आहे. गिरणीच्या कागदाला धाग्यांची दिशा असते. तिच्या आडवी घडी घातली की जाड कागद चरचर तडकतो. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा, जिकडे कमी अडतो तिकडे घडी. हातकागदात दिशा जवळपास नसतेच. संपलेल्या रिफीलने पट्टीला धरून रेघ दाबून घेतली की घडी कशीही घाला. शिवाय त्याच्या कडा मुळात ओबडधोबड, त्यामुळे माझी तिरकी कात्री त्यात खपून जाईल असा माझा होरा होता. आत्या फसत नाही. तिला कागदाची कड आणि माझी कड यांतला फरक बोटाला कळतो.

पण टिकल्या, मोती यांची ओळ कशी लावणार? याचं उत्तर घरातच होतं, ओट्यावर. मिसळणाचा डबा! विचार करा, आपल्या आयांनी-आज्यांनी काय झकास कॅश डिझाइन केलंय. सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग वगैरे. दगडफूल त्यात कोणी ठेवत नाही, ते वरच्या फळीवर बरणीत. आणि आठवी वाटी बसतच नाही, त्यामुळे काही नवीन आत यायचं तर जुनं बाहेर जायला लागतं. बोहरी आळीतून मी स्टीलचा एक नवा डबा आणला. (बायकोने "माझा नाही ना?" हे तीनदा विचारून घेतलं.) फोमचे चिकट तुकडे, अर्धे मोती, आरसे, टिकल्या, बटणं, जाड दोरा, आणि सातव्या वाटीत खोडरबर आणि रिफीलं. बाकीचं सगळं एका खोक्यात, न निवडता. एकच दोष, वाट्यांना झाकणं नसतात. डबा तिरपा झाला की नावाप्रमाणे मिसळ.

कात्रणांचं खोकंही मी मुद्दाम निवडत नाही. जांभळ्या कागदाच्या कापट्यात अडकलेली पिवळी लोकर बघून जे सुचतं ते जांभळ्याच्या खणात जांभळा बघून सुचत नाही. आवरणाऱ्यांना हे पटणार नाही. नको पटू दे.

मग आवरायचं कधी? तर गोंद वाळेपर्यंत. चिकटवलेलं कार्ड जाड पुस्तकाखाली अर्धा तास तरी दाबून ठेवायला लागतं, नाहीतर ओल्या फेव्हिकॉलने कागद सुरकुततो. तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नाही. बिल्ड चालू असताना आपण चहाला जातो ना, तसाच हा मोकळा वेळ. आवराआवरी या अर्ध्या तासात. कार्ड उचलायची वेळ झाली की आवरणं बंद, कप्पा उघडा असला तरी. आणि सुरुवातीला एक मोठी परात घ्यायची, त्या कार्डाला लागेल ते सगळं तिच्यात काढायचं. परातीत मावत नसेल तर ते कार्ड सहा ग्रॅमच्या बजेटातही मावणार नाही, हा माझा अनुभव. अर्धवट राहिलं तर परात तशीच कपाटावर जाते, पुढच्या शनिवारी तशीच खाली येते.

साठा करण्याबद्दलही थोडं. हे सामान लोणच्यासारखं मुरत नाही, नासतं. उन्हाळ्यात दुहेरी टेपचा गोंद कडांनी बाहेर येतो, पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो (बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका), दोन टोकांचे मार्कर उभे ठेवले की एक टोक सुकतं. त्यामुळे "सेल आहे, घेऊन ठेवू" हे कपडे-चपलांना ठीक. इथे जागेचं भाडं भरून आपण वस्तू म्हाताऱ्या करतो. घर बदलताना ती खोकी चौथ्या मजल्यावरून उतरवून बघा, मग बोलू.

यंदा दसऱ्याचं कार्ड आपट्याच्या पानाचं केलं. ते पान मुळातच मधल्या शिरेवर दुमडल्यासारखं असतं, म्हणजे तंबूची घडी निसर्गानेच घालून दिलेली. हिरवा हातकागद, शिरांच्या जागी जाड दोरा शिवला, कडेला सोनेरी कागदाची बारीक पट्टी. पाकिटासकट 17 ग्रॅम. पाकीट पेटीत टाकलं, आणि मंगळवारी वहिनीचा फोन.

"भाऊजी, आलं."

"बोट कुठे ठेवलं?"

"कुठेच नाही. उलटं करून मागची शिवण बघितली. मग परत सरळ केलं, खिडकीत ठेवायला लावलं. पंधरा म्हणाल्या."

"कसं म्हणाली?"

"हळूच."

सोनेरी कागदाचा उरलेला तुकडा कुठे ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही. सध्या परातीतच आहे.